फळमाशीचा सापळा : आवारात पेरू आणि गच्चीत कारली लावणाऱ्यांसाठी

पेरू बाहेरून पिवळाधमक, वासही छान, आणि कापला की आत वळवळ. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पावसाळ्यात पेरू खायचाच नसतो." पावसाळी बहराचा पेरू जास्त किडतो हे खरं, पण तो पावसाने किडत नाही, फळमाशीने किडतो. आणि फळमाशीवर इलाज आहे. त्या इलाजातला एक भाग म्हणजे नरांना गंधाने ओढून घेणारा सापळा. तो स्वस्त असतो, झाडावर फवारणी करावी लागत नाही. म्हणून लोक हौसेने आणतात, फांदीला टांगतात, आठवड्यात बाटलीत माशांचा खच पाहून खूश होतात. आणि पेरू तरीही किडतात. मग "फसवलं आपल्याला" म्हणत सापळा कचऱ्याच्या डब्यात.

फसवलेलं कोणी नसतं. सापळ्यात मरतो तो नर. फळात अंडी घालते ती मादी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

मी मुलुंडला एका जुन्या चार मजली सोसायटीत राहते. मागच्या बाजूला दोन पेरू, एक चिकू, कुंपणाला लागून जामाचं झाड; गच्चीत ड्रममध्ये कारली, दोडकी, काकडी. शेती म्हणावी असं काही नाही. पण एवढ्याशा पसाऱ्यावर जितक्या चुका करता येतात तितक्या करून झाल्या आहेत, तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी त्या पुन्हा करू नयेत म्हणून हे सगळं.

पहिली पायरी : माशी ओळखा

केळ्यांच्या घडावर घोंगावतात ती चिलटं, कोणी केमरं म्हणतात. इंग्रजीत त्यांनाही फळमाशीच म्हणतात, त्यामुळे ऑनलाइन मागवताना हमखास घोटाळा होतो. चिलटं दोन-तीन मिलिमीटरची, आंबलेल्या वासावर येणारी. ती पिकून गळायला आलेल्या फळावर बसतात, चांगलं फळ टोचत नाहीत. त्यांच्यासाठी गंधाचा सापळा आणू नका, एकही पडणार नाही. वाटीत थोडं व्हिनेगर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, वर कागदाचा उलटा कोन. विषय संपला.

आपली फळमाशी घरमाशीएवढी, जरा सडपातळ, पिवळसर-तपकिरी. पहिल्यांदा दिसली तर छोटी गांधीलमाशीच वाटते. आंबा-पेरूवरची मुख्य माशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस : पाठ काळसर, तिच्या दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण, पंख स्वच्छ. तिच्या दोन बहिणी, झोनाटा आणि करेक्टा, रंगाने जास्त तांबूस. वेलावरची माशी वेगळीच, झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. तिच्या पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो आणि पंखांवर काळसर डाग. मादी कुठलीही असो, तिच्या शेवटाला टोकदार नळी दिसते. तीच तिची सुई.

माशी दिसली नाही तरी फळावरून कळतं. पेरूवर किंवा आंब्यावर टाचणीने टोचल्यासारखा बारीक डंख, कधी त्यातून चिकाचा मणी. कारलं एका बाजूला वाकडं होतं आणि वेळेआधी पिवळं पडतं. काकडीवर डंखाशी डिंकासारखा थेंब सुकलेला असतो. फळ कापून पाहिलं तर पांढुरक्या, पाय नसलेल्या अळ्या. पूर्ण वाढलेली अळी अंगाचं वेटोळं करून टुणकन उडी मारते. ओट्यावर अळीने उडी मारली तर किंचाळू नका, निदान पक्कं झालं असं समजा.

दुसरी पायरी : गंध बरोबर निवडा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दोन घराण्यांच्या माश्यांना दोन वेगळे गंध लागतात. गंध मुरवलेली छोटी वडी मिळते, तिलाच ल्युअर म्हणतात.

पेरू, आंबा, चिकू, जाम यांच्यावरच्या माशीसाठी मिथाईल युजेनॉल.

कारलं, दोडका, घोसाळं, काकडी, दुधी, पडवळ, भोपळा, तोंडली यांच्यावरच्या माशीसाठी क्यू ल्युअर.

पेरूवर क्यू ल्युअर टांगाल तर महिनाभर बाटली जवळजवळ रिकामी राहील, आणि कारल्यावर मिथाईल युजेनॉल टांगाल तर खाली पेरूवरचे नर गच्चीवर येऊन मरतील, कारलं किडतच राहील. दोन्ही असतील तर दोन सापळे घ्या, एकमेकांपासून काही मीटर लांब. एकाच बाटलीत दोन्ही वड्या घालायची काटकसर करू नका. मिथाईल युजेनॉल शेजारी असलं की क्यू ल्युअरवर नर कमी येतात.

पहिल्या वर्षी मी एका दुकानात जाऊन नुसतं "फळ किडतंय, सापळा द्या" म्हटलं. दुकानदाराने दिली ती वांग्यातल्या शेंडेअळीच्या पतंगाची ल्युअर. मी ती पेरूला बांधली आणि पाच आठवडे रोज सकाळी रिकामा सापळा बघून "आमच्याकडे माशीच नाही" असा निष्कर्ष काढला. तेव्हा पाकिटावरचं नाव स्वतः वाचा. त्यावर मिथाईल युजेनॉल किंवा क्यू ल्युअर असं लिहिलेलं असलंच पाहिजे. "सर्व किडींसाठी" असं लिहिलेलं पाकीट परत ठेवा.

जरा थांबून : हा गंध चालतो कसा

यंत्र कसं चालतं ते कळलं की ते कुठे ठेवायचं तेही कळतं, म्हणून एवढं वाचाच.

याची गोष्ट बिहारमधल्या पुसा इथे सुरू झाली. तिथल्या शेती संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकतज्ज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डासांसाठी रुमालावर सिट्रोनेलाचं तेल लावलं, आणि डास पळाले की नाही कोण जाणे, पण रुमालावर फळमाश्या येऊन बसल्या. हॉवलेटनी पाहिलं तर सगळे नर. १९१२ साली त्यांनी ते छापलं आणि पुढे १९१५ पर्यंत शोध घेत त्या तेलातल्या मिथाईल युजेनॉलपर्यंत पोचले. जगभर आज विकला जातो तो सापळा त्या रुमालाचाच वारस.

हाच पदार्थ आपल्या तुळशीतही असतो. पाऊस उघडल्यावर सकाळी तुळशीचं पान चुरगाळून बाजूला उभं राहा. आसपास पेरू असेल तर पानावर एखादी माशी येऊन चाटत बसलेली दिसेल, आणि ती माशी नसून माशा असेल. जुन्या सल्ल्यांत तुळशीचा रस सापळ्यात घालायला सांगतात ते उगाच नाही. फक्त तो एक-दोन दिवसांत विरतो.

नर हा पदार्थ चाटतो, त्यापासून स्वतःच्या शरीरात वेगळं अत्तर तयार करतो आणि संध्याकाळी, दिवेलागणीला, ते हवेत सोडून मादीला बोलावतो. ज्याने चाटलंय त्याचं लग्न आधी जमतं. म्हणून नर त्यासाठी जिवावर उदार होतो. वाऱ्याची साथ असेल तर काही शे मीटरवरून येतो. क्यू ल्युअरची ओढ याच्यापेक्षा बरीच कमी, त्यामुळे वेलाच्या सापळ्यात माश्या कमी दिसल्या तर नाराज होऊ नका.

आता हिशेब करा. एक नर अनेक माद्यांना पुरतो. एकदा जोडी जमली की मादीची पुढची बरीच अंडी फळतात, आणि ती आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते. म्हणजे शंभरातले सत्तर नर मारले तरी उरलेले तीस सगळ्या माद्यांचा संसार थाटून देतात. नर अगदी नावापुरते उरले पाहिजेत, तेव्हा कुठे माद्या वांझ राहतात. हे होतं, पण मोठ्या भागात आणि सगळीकडे एकदम केलं तर. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात मिथाईल युजेनॉल आणि विष मुरवलेले चौकोनी तुकडे बेटभर टाकून ही माशी संपवली. जपानने त्याच पद्धतीने आपल्या दक्षिणेकडच्या बेटांवरून १९८६ पर्यंत तिचा नायनाट केला. वेलाच्या माशीला मात्र नुसत्या क्यू ल्युअरने संपवता आलं नाही. तिथे किरणांनी नपुंसक केलेल्या माश्या वर्षानुवर्षं सोडाव्या लागल्या, तेव्हा १९९३ साली ती गेली.

मुलुंड काही बेट नाही. आमच्या कुंपणापलीकडे आणखी चार सोसायट्या आणि बेवारशी उगवलेले पेरू आहेत. तेव्हा एका सापळ्याने माशी संपेल ही आशा पहिल्याच दिवशी सोडा. सापळा दोन कामं चोख करतो : माशी कधी वाढते आहे ते आधी सांगतो आणि तिची संख्या थोडी दाबून ठेवतो. फळ वाचवायचं काम सहाव्या आणि सातव्या पायरीवर आहे.

तिसरी पायरी : सापळा विकत घ्या, नाहीतर बाटलीचा करा

विकतचा सापळा म्हणजे झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात आत वळलेली भोकं आणि झाकणाखाली ल्युअरची वडी. भोकाची नळी आत वळलेली असल्याने माशी शिरते, पण बाहेरची वाट तिला सापडत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा बागायतदारांसाठी काढलेला "रक्षक सापळा" याच जातीचा, कोकणात तो नावानेच मागतात. मुंबईत मोठ्या रोपवाटिकांत कधी मिळतो, कधी नाही. वसई, कल्याण, पनवेलकडे कृषी सेवा केंद्रात बहुतेक मिळतो. ल्युअर वेगळी विकत मिळते, ती पुढे पुन्हा पुन्हा लागते, डबा तोच राहतो.

बाटलीचा करायचा तर एक लिटरची पाण्याची बाटली घ्या. वरच्या तिसऱ्या भागात तीन-चार ठिकाणी करंगळी जाईल एवढी खिडकी कापा, पण पूर्ण कापू नका. खालची आणि दोन बाजूंची कड कापून वरची तशीच ठेवा आणि तो तुकडा बाहेर उचला. चाळीच्या खिडकीवर पत्र्याचा छज्जा असतो तसा. आपल्या पावसात या छज्ज्यावाचून बाटली दोन तासांत भरते. झाकणाला भोक पाडून तार ओवा, तारेच्या आतल्या टोकाला ल्युअर अशी लोंबू द्या की ती खिडक्यांच्या पातळीवर येईल. तळाशी दोन बोटं पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, माशी बसली की बुडते.

पाणी म्हटलं की मुंबईत डेंग्यू आठवला पाहिजे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची पिढी आठवडाभरात तयार होते आणि महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं पावसाळ्यात गच्च्या तपासत फिरतात. साबणाच्या पाण्यात अळ्या सहसा टिकत नाहीत, पण पावसाने ते पातळ झालं की भरवसा नाही. दर रविवारी पाणी बदला. ते जमणार नसेल तर बिनपाण्याचा विकतचा सापळाच बरा.

आता विषाबद्दल. जुन्या पुस्तिकांत प्लायवूडचा ठोकळा अल्कोहोल, ल्युअर आणि कीटकनाशक यांच्या मिश्रणात भिजवायची कृती असते, आणि कीटकनाशक म्हणून डायक्लोरव्हॉस सांगितलेलं असतं. ते भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कोणाकडे जुनी बाटली शिल्लक असली तरी घेऊ नका. सोसायटीच्या आवारात, जिथे मुलं क्रिकेट खेळतात आणि चेंडू नेमका सापळ्याला लागतो, तिथे विषाचा ठोकळा टांगायची गरजच नाही. साबणाचं पाणी पुरतं.

चौथी पायरी : हातमोजे घालून टांगा

ल्युअरला उघड्या हाताने शिवू नका. याची दोन कारणं. एक म्हणजे तुमच्या बोटांना लागलेला ल्युअरचा गंध बाटलीच्या बाहेरच्या अंगाला लागतो आणि नर आत जायचं सोडून बाहेरच चाटत बसतात. मी हे स्वतः केलेलं आहे. बाटलीबाहेर वीस, आत दोन. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली मिथाईल युजेनॉलला "माणसात बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. याचा अर्थ तुळशीचा काढा ओतून द्या असा नाही. पण शुद्ध, दाट अर्क हातावर घेऊन मग पोळ्या लाटू नका. पातळ हातमोजे घाला, पाकीट घराबाहेर फोडा, ल्युअर स्वयंपाकघरात ठेवू नका, फ्रिजमध्ये तर नाहीच.

जागा सावलीची हवी. रणरणत्या गच्चीवर ल्युअर लवकर उडून जाते. झाडाला टांगत असाल तर साधारण खांद्या-डोक्याच्या उंचीला, पानांच्या आडोशाला, पण पानं खिडक्यांवर आपटणार नाहीत अशा बेताने. जागा असेल तर फळांनी लगडलेल्या फांदीपेक्षा चार पावलं लांब कुंपणाकडे टांगा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. सापळा झाडांच्या त्या बाजूला असेल तर गंध झाडांवरून वाहत जातो आणि माशी वाऱ्याला तोंड देत त्याच्या मागावर येते. पण तीच पावसाच्या झोडपण्याची बाजू, म्हणून भिंतीचा किंवा पाण्याच्या टाकीचा आडोसा शोधा.

तारेवर चार बोटं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. नाहीतर मुंग्या रांग लावून मेलेल्या माश्या घेऊन जातात आणि तुम्हाला वाटतं माशी पडतच नाही.

किती सापळे? शेतीसाठी हेक्टरी चारपासून एकरी दहापर्यंत वेगवेगळी शिफारस वाचायला मिळते. सोसायटीच्या मागच्या अंगणाला एक मिथाईल युजेनॉल आणि गच्चीला एक क्यू ल्युअर, एवढं बास. एकाच पेरूला पाच बाटल्या लटकवून काही साधत नाही.

शेजारच्या काकू हमखास विचारतात, "अगं, याने उलट बाहेरच्या माश्या आपल्याकडे येतील ना?" येतात, पण येतात ते नर, आणि नर फळ टोचत नाही. काकूंना तेवढं सांगून टाका.

पाचवी पायरी : रविवारची मोजणी

सापळा उघडा, माश्या कागदावर ओता, अंदाजे मोजा, कॅलेंडरवर आकडा लिहा. पाणी बदला, परत टांगा. दहा मिनिटांचं काम, पण बरेच जण हेच टाळतात आणि मग सापळा नुसती शोभा होतो. एका आठवड्याच्या आकड्याला अर्थ नाही, चढ-उताराला आहे. आकडा सलग दोन आठवडे चढला की फळं अजून कच्ची असतानाच पिशव्या बांधायला घ्यायच्या. आकडा एकदम पडला तर आनंद मानायच्या आधी ल्युअर तपासा, ती उडून गेलेली असू शकते. वडी साधारण दीड-दोन महिन्यांनी बदलावी, पाकिटावर दुसरी मुदत असेल तर ती पाळावी. टांगल्याची तारीख डब्यावर मार्करने लिहा, आठवणीवर ठेवू नका.

मेलेल्या माश्यांमध्ये टोकदार शेवटाची एकही सापडली नाही, तर सापळा बरोबर चाललाय. तो नरांचाच आहे.

मुंबईचं वेळापत्रक ढोबळमानाने असं : मे महिन्यात उन्हाळी पाऊस शिंतोडला की आंब्यावर माशी चढायला लागते. हापूस लवकर उतरवला जातो म्हणून थोडक्यात सुटतो, मागास आंबा आणि रायवळ जास्त सापडतो. जून ते सप्टेंबर पेरूचे वाईट दिवस. वेलभाज्यांनाही पावसाळाच बाधतो. सापळा एप्रिलमध्ये टांगा, किड दिसल्यावर नको. फळात अळी दिसली याचा अर्थ त्या फळात अंडी केव्हाच घालून झाली.

सहावी पायरी : पडकं फळ उचला

यावर मी सगळ्यात जास्त जोर देते, कारण यात काही विकत घ्यायचं नसल्याने कोणी याला गंभीरपणे घेत नाही.

मादी सालीखाली अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळी, ती आठवडाभर गर खाते. फळ गळून पडतं, अळी बाहेर निघून दोन-चार सेंटीमीटर मातीत शिरते, तिथे कोष होतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांनी नवी माशी वर येते. म्हणजे झाडाखाली सडत पडलेला एक पेरू हा पुढच्या महिन्याच्या माश्यांचा पाळणा आहे. तुम्ही वर बाटलीत नर मोजताय आणि खाली तो पाळणा हलतोय.

तेव्हा रोज, निदान एक दिवसाआड, पडकं आणि डंख लागलेलं फळ उचला. झाडावर डंख दिसला तर तेही तोडा, पिकायची वाट बघू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा, आणि गच्चीत उन्हात आठवडाभर ठेवा. आत सगळं उकडून मरतं. मगच कचऱ्यात किंवा खतात. पावसाळ्यात ऊन नसेल तर पिशवी बांधलेलीच जास्त दिवस ठेवा. मातीची जागा असेल तर दोन फूट खोल पुरा. वरवर माती लोटलीत तर माशी आरामात बाहेर येते.

हल्ली बऱ्याच सोसायट्या ओल्या कचऱ्याचं खत करतात, चांगली गोष्ट आहे. पण किडका पेरू, आमरसाच्या दिवसांतला बाद आंबा, कापून बाजूला ठेवलेलं कारलं थेट त्या पिंपात गेलं आणि पिंप नीट तापलेलं नसलं, की तुम्ही माशीला घर आणि शिधा दोन्ही दिलंत. आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललं होतं आणि आम्ही शेजारच्या सोसायटीला बोल लावत होतो. गच्चीतल्या कुंड्यांचंही तेच : बाजारातून आणलेलं किडकं फळ "खत होईल" म्हणून कुंडीत पुरलं, की वरच्या मजल्यावरही माशी घरपोच.

झाडाखालची माती पंधरवड्याने खुरप्याने वरवर हलवा. उघडे पडलेले कोष मुंग्या आणि साळुंक्या साफ करतात. कोष तपकिरी, तांदळाच्या जाड दाण्याएवढे असतात.

सातवी पायरी : फळाला टोपडं

मादीला गंधाने फसवता येत नाही, पण अडवता येतं. पेरू लिंबाएवढा झाला की वर्तमानपत्राची पिशवी, आंबा अंड्याएवढा झाला की तीच. पावसात कागद विरघळतो, त्यामुळे जून उजाडला की न विणलेल्या कापडाच्या पिशव्या घ्या, धुऊन दोन-तीन हंगाम जातात. काकडी-कारल्याला घाई करावी लागते. फूल फळलं की दोन-तीन दिवसांत पिशवी, कारण वेलाची माशी अगदी कोवळं फळ टोचते. कारल्याला जुन्या ओढणीची लांब नळी शिवून घातली तरी चालतं. पिशवी देठाशी नीट बांधा, आणि बांधण्याआधी फळावर डंख नाही ना ते पाहा. नाहीतर तुम्ही अळीलाच संरक्षण देताय.

सगळं झाड झाकायला कोणाला वेळ नसतो. हाताला येणारी तीस-चाळीस फळं झाका, उरलेली कच्ची काढून कोशिंबिरीला लावा. वरच्या शेंड्याचे पेरू पोपटांचे. पण पोपटाने अर्धवट टाकलेला पेरूही उचलायचाच.

आठवी पायरी : शेजारी

इथे लाजून चालत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगवरून भांडणारी माणसं पेरूसाठी एकत्र येतात, असा माझा अनुभव आहे. आम्ही पलीकडच्या दोन सोसायट्यांना एकेक सापळा नेऊन दिला आणि त्यांच्या माळीकाकांना पडकी फळं कशी बांधायची ते दाखवलं. सफाईला येणाऱ्या मावशींना तर हे आमच्या आधी कळलं होतं, त्यांना फक्त वेगळी पिशवी हवी होती. एका कुंपणाआड चार सापळे लावण्यापेक्षा चार कुंपणांत एकेक लावलेला केव्हाही बरा, कारण माशी कुंपण मानत नाही.

हे नुसतं घरगुती प्रकरण आहे असं वाटत असेल तर २०१४ आठवा. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला, आणि सोबत कारलं, पडवळ, वांगं, अळूही. हापूसच्या ऐन हंगामात. त्या वर्षी मुंबईच्या बाजारात निर्यातीचा आंबा उतरला आणि खाणाऱ्यांची चंगळ झाली, बागायतदारांची नाही. आंब्यावरची बंदी पुढच्या हंगामाच्या आधी, २०१५ च्या सुरुवातीला उठली. देवगड-रत्नागिरीच्या बागांत सापळे आणि पडक्या फळांची सफाई यांवर आज एवढा भर दिसतो त्यामागे हा फटकाही आहे.

हंगाम संपल्यावर

ऑक्टोबरनंतर वेल काढून टाकाल तेव्हा ड्रममधली माती पसरून दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, कोष त्यातच बसलेले असतात. सापळ्याचा डबा साबणाने धुऊन बाहेरच्या फडताळात ठेवा. वापरलेली वडी दोन पिशव्यांत गुंडाळून घरातल्या घातक कचऱ्यासोबत द्या, नुसती टाकू नका; तिच्यात थोडा गंध शिल्लक असतो. मी एकदा ती तशीच जिन्याखालच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी वॉचमन वर आले, "ताई, डब्यावर गांधीलमाश्यांचं पोळं झालंय." खाली जाऊन पाहिलं, तर पोळं नव्हतं. सगळे नर होते.